वाइन-प्रोटॉनवर खेळणाऱ्याच्या नावापुढे त्याची खरी ऑपरेटिंग सिस्टीम कशी दाखवायची

संक्रांतीला इंदुरात पतंगांबरोबर विटी-दांडूही निघतो. मागे एकदा त्याच उत्साहात भाच्याने आणि मी मिळून कॉम्प्युटरवरचा विटी-दांडू केला. आठ जणांनी इंटरनेटवरून खेळायचा, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, फक्त विंडोजसाठी. घरचेच खेळाडू, शनिवारी रात्री जेवणं आटोपली की सुरू. पुढे भाच्याला हुक्की आली की सामन्याआधी जी यादी येते, तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणत्या सिस्टीमवर खेळतोय हेही दिसावं. दोन ओळींचं काम, आम्ही टाकलं. पहिल्याच शनिवारी देवासच्या आतेभावाच्या नावापुढे ‘विंडोज १०’ असं झळकलं आणि त्याचा तीळपापड झाला. ‘ताई, माझ्या लॅपटॉपवर विंडोज शेवटचं कधी होतं ते मलासुद्धा आठवत नाही, आणि तू सगळ्यांसमोर हे लिहितेस?’

त्याचं खरं होतं. तो लिनक्सवर प्रोटॉन लावून आमचा खेळ चालवतो. विंडोजचे खेळ दुसऱ्या सिस्टीमवर चालवणारा हा मधला थर, आणि त्याच्या पोटात वाइन. ते दोन ओळींचं काम पुढे तीन आठवडे पुरलं. तुम्ही नवे असाल आणि तुमच्याही खेळात असं काही दाखवायचं असेल, तर ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी हा थर काय करतो ते

आमच्या सराफ्याची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. दिवसभर तिथे सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो, रात्री दुकानांची शटर खाली आली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडूची कढई लागते. रात्री आलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणणार, ही खाऊगल्ली. खोटं बोलत नाही तो, त्याला दिसतंच तेवढं.

वाइनवर चालणारा खेळ हा असा रात्रीचा गिऱ्हाईक असतो. वाइन १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. ते विंडोजची नक्कल करणारा वेगळा कॉम्प्युटर उभा करत नाही. खेळाने विंडोजकडे काही मागितलं, फाइल उघड म्हटलं, खिडकी काढ म्हटलं, की वाइन ती मागणी स्वतः झेलतं आणि खालच्या लिनक्सकडून किंवा मॅककडून काम करून घेतं. प्रोटॉन म्हणजे स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानासाठी बांधलेला वाइनचाच संच. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो ऑगस्ट २०१८ मध्ये आणला. त्यात डीएक्सव्हीकेसारखे तुकडे जोडलेले असतात, जे विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडीच्या चित्रआज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत फिरवतात. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं, लिनक्सवर चालणारं यंत्र आलं आणि हा प्रकार हौशी लोकांच्या बाहेर पडला.

आता या खेळाने विचारलं, ‘विंडोजची आवृत्ती कोणती?’ तर उत्तर देणारं वाइनच. आणि विंडोज असल्याचं सोंग वठवणं हीच त्याची नोकरी. प्रोटॉनमध्ये सहसा ‘विंडोज १०’ असंच उत्तर येतं. युनिटी किंवा गोडोसारखं खेळ बांधायचं तयार इंजिन वापरत असाल, तर युनिटीचं सिस्टीम-इन्फो घ्या, गोडोमध्ये सिस्टीमचं नाव विचारा, विंडोजसाठी बांधलेला खेळ असेल तर तीच कथा. इंजिनाचा दोष नाही. त्याने पाटी वाचली, पाटीवर विंडोज लिहिलंय.

म्हणून पहिली पायरी कोडची नाहीच. आधी दोन प्रश्न वेगळे करायचे: खेळ कशासाठी बांधलाय, आणि तो कशावर चालतोय. आम्ही एकाच खान्यात दोन्ही कोंबत होतो. आतेभावाच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर विंडोज, दुसऱ्याचं लिनक्स. यादीत दाखवायचं ते दुसरं. बिघाड शोधताना मात्र दोन्ही लागतात, तेव्हा आपल्या लॉगमध्ये दोन्ही ठेवा. तुमच्या खेळाची लिनक्ससाठी स्वतंत्र बांधणी असेल तर तिथे काही विचारायचं कारणच नाही, बांधतानाच माहीत असतं.

थराला सरळ विचारा

बहुतेक नवी मंडळी इथे अंदाजाच्या मागे लागतात. झेड नावाचा ड्राइव्ह दिसला का, कारण वाइन लिनक्सचं मूळ फोल्डर झेडवर जोडतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, वाइनची नोंद आहे का. ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव काय. यातलं काहीही धरून चालू नका. माझ्या जुन्या ऑफिसात सगळ्यांच्या विंडोजवर सामायिक फोल्डर झेडवरच जोडलेलं होतं. आमच्या पहिल्या कोडने ते सगळं ऑफिस लिनक्सवर नेऊन ठेवलं असतं.

वाइन स्वतः सांगतं, फक्त नीट विचारावं लागतं. विंडोजच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एनटी-डीएलएल नावाची लायब्ररी आधीपासून चढलेली असते. वाइनने आपल्या एनटी-डीएलएलमध्ये काही जास्तीची फंक्शनं ठेवली आहेत, जी मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या लायब्ररीत नाहीत. आपल्या कामाची दोन. एक ‘वाइन गेट व्हर्जन’, जे वाइनची आवृत्ती सांगतं. दुसरं ‘वाइन गेट होस्ट व्हर्जन’, जे खाली खरी सिस्टीम कोणती ते सांगतं. कोडमध्ये ही नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.

रीत अशी. गेट-मॉड्यूल-हँडलने एनटी-डीएलएलचा हात धरायचा. नव्याने लोड करायची गरज नाही, ती तिथे आहेच. मग गेट-प्रॉक-अ‍ॅड्रेसला ‘वाइन गेट होस्ट व्हर्जन’चा पत्ता विचारायचा. पत्ता रिकामा आला तर खरं विंडोज समजा आणि पुढे चला. पत्ता मिळाला तर त्या फंक्शनला दोन पॉइंटर द्यायचे. पहिल्यात सिस्टीमचं नाव येतं, दुसऱ्यात कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, आवृत्ती. पहिलं घ्या, दुसरं तिथेच सोडून द्या. का, ते पुढे सांगते.

इथे एक खाच आहे. फंक्शन हाकारण्याची पद्धत सी-डेक्ल अशी स्पष्ट लिहा. विंडोजच्या बहुतेक फंक्शनांची पद्धत एस-टी-डी-कॉल असते, म्हणून हात सवयीने तेच लिहितो. ६४ बिटच्या बांधणीत दोन्ही एकच ठरतात आणि सगळं छान चालतं. ३२ बिटच्या बांधणीत मात्र स्टॅक कोणी आवरायचा यावर दोघांचा घोळ होतो, आणि खेळ या फंक्शनमध्ये न मरता पुढे भलत्याच ठिकाणी मरतो. भाच्याने एक अख्खा रविवार आवाजाच्या कोडमध्ये चूक शोधली. पोहे-जिलेबी गार झाली, चूक सापडली नाही. ती इथे होती.

युनिटीत सी-शार्प वापरत असाल तर डीएलएल-इम्पोर्ट लिहितानाही सी-डेक्ल सांगावं लागतं, न सांगितल्यास विंडोजवर ते एस-टी-डी-कॉल धरतं. खऱ्या विंडोजवर हे फंक्शन सापडणार नाही आणि एक्सेप्शन येईल. ते पकडा, तेच तुमचं ‘विंडोज’ हे उत्तर. आणि परत येणारा मजकूर सी-शार्पच्या स्ट्रिंगमध्ये थेट घेऊ नका. तसं केलं की मजकूर वाचून झाल्यावर सी-शार्प ती मेमरी मोकळी करायला जातं. ती मेमरी वाइनची आहे, तुमची नाही. आधी नुसता पॉइंटर घ्या, मग त्यावरून अक्षरांची प्रत करा. गोडोवाल्यांना जीडी-स्क्रिप्टमधून हे थेट जमत नाही. त्यासाठी सी प्लस प्लसचं छोटं एक्स्टेन्शन लिहावं लागतं.

येणारी नावं मोजकी आहेत. लिनक्सवर ‘लिनक्स’, फ्रीबीएसडीवर ‘फ्रीबीएसडी’. मॅकवर मात्र ‘डार्विन’ येतं, कारण मॅकच्या गाभ्याचं नाव ते. मॅकवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं क्रॉसओव्हर वापरणारे आणि २०२३ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या गेम पोर्टिंग टूलकिटवर चालवणारे, दोघेही इथेच येतात, कारण दोन्हींच्या पोटात वाइन आहे. यादीत दाखवताना त्याचं ‘मॅक’ करा. आम्ही विसरलो होतो, आणि पुण्याच्या वहिनीला सगळ्यांनी आठवडाभर माकडांवरून छळलं.

फक्त ‘लिनक्स’वर समाधान नसेल आणि ‘प्रोटॉन’ असंही सांगायचं असेल, तर एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘स्टीम कॉम्पॅट डेटा पाथ’ हे चल बघा, सगळी कॅपिटल अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोर. प्रोटॉन ते लावूनच चालतो. पण त्यावरून ‘हा स्टीमवर आहे’ असा निष्कर्ष काढू नका, कारण दुसऱ्या लाँचरमधून प्रोटॉन चालवला तरी ते चल असतं. स्टीम डेक ओळखायला स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या लायब्ररीत, वेगळं फंक्शन आहे, ते वापरा.

डिस्ट्रोच्या नादी लागू नका

लिनक्स वेगवेगळ्या नावांच्या संचांत मिळतं, एकेक संच म्हणजे डिस्ट्रो. हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण लिनक्सवाल्यांचा पहिला हट्ट हाच असतो. नुसतं लिनक्स काय, कोणतं ते लिहा! आतेभावाचाही होताच. वाटलं सोपं आहे. झेड ड्राइव्हवर ईटीसी फोल्डरात ओएस-रिलीज नावाची फाइल असते, तीत डिस्ट्रोचं नाव लिहिलेलं असतं. वाचली. तर आतेभाऊ, त्याचा मित्र आणि भाच्याच्या कॉलेजातला एक जण, तिघांच्याही नावापुढे ‘स्टीम रनटाइम ३ स्नायपर’. तिघांचे डिस्ट्रो तीन वेगळे.

कारण असं की स्टीम प्रोटॉनला मोकळ्या घरात सोडत नाही, एका बंदिस्त खोलीत बसवतं. त्या खोलीचं नाव स्नायपर. खोलीतली लायब्ररी सगळ्यांकडे सारखी, डेबियन ११ या डिस्ट्रोवरून तयार केलेली, म्हणजे खेळ एका मशीनवर चालला की दुसऱ्यावरही चालावा. ओएस-रिलीजही त्या खोलीचीच वाचली जाते. बाहेरच्या घराची फाइल रन फोल्डरातल्या होस्ट या उपफोल्डरात मिळते, पण स्टीमबाहेर साध्या वाइनवर ती तिथे नसते. मग दोन्हीकडे बघा, कोणती खरी ते ठरवा, तिसरीच तऱ्हा निघाली की पुन्हा दुरुस्त करा. मी सोडून दिलं. खेळायला बसलेल्या माणसाला समोरच्याचा डिस्ट्रो कळून करायचंय काय?

सर्व्हरला काय पाठवायचं

एक आकडा, बस. सामन्यात शिरतानाचा जो संदेश असतो त्यात एक बाइट वाढवा: ० म्हणजे माहीत नाही किंवा सांगायचं नाही, १ विंडोज, २ लिनक्स, ३ मॅक, ४ बाकी. आम्ही आधी अक्षरं पाठवत होतो. मग भाच्याच्या मित्राने आपली कॉपी थोडी उघडून सिस्टीमच्या जागी अख्खी गणपतीची आरती पाठवली आणि यादीतली बाकीची नावं पडद्याबाहेर ढकलली गेली. आकडा पाठवलात तर त्या आकड्याचं नाव काय दाखवायचं हे प्रत्येकाच्या कॉपीत असतं, बाहेरून आलेलं अक्षर पडद्यावर जात नाही. सर्व्हरवर ४ च्या वरचं काही आलं की ० करा. जुनी कॉपी हा बाइट पाठवणारच नाही, तेही ०.

स्टीमची लॉबी, म्हणजे सामन्याआधी जमायची स्टीमचीच जागा, वापरत असाल तर सर्व्हरची गरजही नाही. लॉबीतल्या सभासदाची माहिती लिहिण्याचं फंक्शन स्टीमवर्क्समध्ये आहे. तिथे मूल्य मजकूर म्हणूनच जातं, तर ‘२’ एवढंच लिहा, आणि वाचताना तो आकडाच आहे ना ते तपासा.

हे सगळं खेळाडूच्या मशीनने स्वतःहून सांगितलेलं असतं हे विसरायचं नाही. कोणीही काहीही सांगू शकतो. त्यामुळे या आकड्यावरून कोणाला आत घेणं, बाहेर काढणं, गुण देणं, वेगळी रांग लावणं यातलं काहीही करू नका. खेळाची चालसुद्धा त्यावरून बदलू नका. वाइनमध्ये एखादी गोष्ट बिघडते म्हणून तुम्ही ‘वाइन असेल तर असं कर’ लिहिता, वाइनवाले ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतात, आणि तुमची मलमपट्टीच मग बिघाड होऊन बसते.

विचारून दाखवा

आमच्या आठ जणांच्या घोळक्यात कोण कशावर खेळतं याने कोणाचं काही बिघडत नाही. अनोळखी लोकांच्या खेळात तसं नसतं. फसवेगिरी रोखणाऱ्या यंत्रणांचा इथे संबंध येतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटल-आय या दोन्हींनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट दिली, पण खेळ बनवणाऱ्याने परवानगी द्यायची या अटीवर. काहींनी दिली, काहींनी नाही. एपेक्स लेजेंड्स हा खेळ आधी लिनक्सवर चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस फसवेगिरीचं कारण सांगून तो बंद केला गेला. अशा वातावरणात नावापुढे ‘लिनक्स’ दिसलं आणि तो माणूस जरा चांगला खेळला, की चॅटमध्ये त्याच्यावर काय काय येतं ते वाचवत नाही.

तेव्हा सेटिंग मुळात बंद ठेवा. पर्याय तीन पुरेत: कोणालाच नाही, फक्त मित्रांना, सगळ्यांना. आणि बंद म्हणजे पाठवायचंच नाही, ०च जाऊ द्यायचा. ‘पाठवतो पण दाखवत नाही’ हे बंद नव्हे. ‘फक्त मित्रांना’ हे सर्व्हरने गाळायचं असतं, समोरच्याच्या कॉपीवर सोडून चालत नाही.

कर्नलची आवृत्ती सोडून द्या म्हटलं ते याचसाठी. त्या ओळीत वाटतं त्याहून जास्त असतं. स्टीम डेकच्या कर्नलच्या नावात ‘नेपच्यून’ असा शब्द येतो, म्हणजे यंत्र कोणतं तेही कळलं. कोणी कर्नल किती दिवसांत बदललं नाही, म्हणजे त्याच्यात कोणती जुनी भगदाडं उघडी असतील, हेही त्यावरून काढता येतं. विटी-दांडूच्या यादीला याची काय गरज?

खेळ लोकांसाठी खुला करणार असाल तर एक कायद्याची गोष्ट. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय, आणि त्याच्या माहितीसाठी आई-वडिलांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. खेळाडूंत शाळकरी पोरं असणारच. माझं मत विचाराल तर त्यांच्यासाठी हा पर्याय दाखवूच नका.

यादीतली खूण

हे लवकर उरकतं. लिनक्सचा पेंग्विन, टक्स, लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये काढला. कोणी विचारलं तर त्यांचं आणि जिंप या सॉफ्टवेअरचं नाव सांगायचं, एवढ्या अटीवर तो वापरता येतो. विंडोज आणि अ‍ॅपलच्या खुणा मात्र ट्रेडमार्क आहेत, त्यांचे नियम वेगळे, त्यात पडू नका. एकाला चित्र आणि दोघांना अक्षरं हेही विजोड दिसतं. आम्ही तिघांनाही अक्षरंच दिली: ‘विं’, ‘लि’, ‘मॅ’. माउस नेला की पूर्ण नाव दिसतं. रंगावर भिस्त ठेवू नका, सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत. ० असेल तर तिथे काहीच दाखवायचं नाही. प्रश्नचिन्हसुद्धा नको, ते दिसलं की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. आईने ती यादी पाहून विचारलं, ‘हे लि म्हणजे लिंबूटिंबू का गं?’ आतेभावाला अजून सांगितलेलं नाही.

चाचणी

निदान इतक्या ठिकाणी चालवून बघा. खरं विंडोज. लिनक्सवर साधं वाइन. मग स्टीमवर प्रोटॉन: खेळ स्टीमवर नसला तरी चालतं, बाहेरचा खेळ म्हणून जोडा आणि प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनची सक्ती करा. लाँच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन लॉग’ला १ दिलात, अर्थात इंग्रजी कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर देऊन आणि पुढे स्टीमची %command% ही खूण ठेवून, तर होम फोल्डरात लॉगची फाइल मिळते. मॅक कोणाकडे असेल तर क्रॉसओव्हर. ३२ बिटची बांधणी देत असाल तर हे सगळं तिच्यावर पुन्हा, नाहीतर आमच्यासारखा रविवार जाईल.

शेवटची एक चाचणी लोक विसरतात. वाइन-स्टेजिंग नावाच्या आवृत्तीच्या सेटिंगमध्ये वाइन असल्याचं प्रोग्रॅमपासून लपवण्याची सोय आहे. ती चालू केली की ती जास्तीची फंक्शनं सापडतच नाहीत आणि तुमचा कोड म्हणतो ‘विंडोज’. भाचा लगेच म्हणाला, मग झेड ड्राइव्ह बघू, रजिस्ट्री बघू, पकडूच. मी त्याला ते लिहू दिलं नाही. ज्याने एवढं शोधून ती खूण केली, त्याला विंडोजच दिसायचंय. दिसू दे.